समुद्री गाळातील नवा जिवाणू : ओळख, वर्गीकरण आणि नामकरण यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा, कराड, सांगली आणि मिरज या पट्ट्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकणारी मुले दरवर्षी प्रकल्पासाठी घाट उतरून कोकणात जातात, खाडीचा गाळ बाटलीत भरून आणतात आणि दोन-तीन महिन्यांनी ‘सर, नवीन जिवाणू सापडला’ असे सांगत प्रयोगशाळेत येतात. त्यानंतर जे प्रश्न आम्हाला हमखास विचारले जातात, ते आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. ‘नवा’ हा शब्द जिवाणूविषयी जितके सांगतो, त्याहून अधिक आपण केलेल्या तुलनेविषयी सांगतो, हे वाचताना ध्यानात ठेवावे.

‘नवी जाती’ म्हणायचे की ‘नवी प्रजाती’?

वृत्तपत्रांत सर्रास ‘नवी प्रजाती सापडली’ असे छापून येते. परंतु महाराष्ट्राच्या शालेय पाठ्यपुस्तकांत कुल, प्रजाती आणि जाती असा उतरता क्रम आहे. म्हणजे बॅसिलस ही प्रजाती आणि बॅसिलस सबटिलिस ही जाती. आम्ही येथे पाठ्यपुस्तकाचाच क्रम पाळला आहे, कारण नवी जाती मांडणे आणि नवी प्रजाती मांडणे ही दोन वेगळ्या वजनाची कामे आहेत आणि शब्दांची गल्लत झाली की पुराव्यांचीही होते.

साताऱ्याला समुद्र नाही. मग समुद्री गाळाचा अभ्यास येथे कशासाठी?

समुद्र नाही, परंतु त्याच्याशी संबंध आहे, आणि तो वाटतो त्याहून जवळचा आहे. महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा वाई, कराड, सांगली करीत पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जाते. त्याच डोंगरावरून निघणारी सावित्री मात्र पश्चिमेला उतरून बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. कोयनेची गोष्ट तर आणखी निराळी आहे. कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळणाऱ्या या नदीचे पुष्कळसे पाणी जलविद्युत प्रकल्पाच्या बोगद्यांतून सह्याद्रीच्या पोटातून पलीकडे सोडले जाते, पोफळीच्या बाजूला वीज निर्माण करून वाशिष्ठीत जाते आणि अखेर दाभोळच्या खाडीत पोहोचते. कराडहून चिपळूणला जायला कुंभार्ली घाट आहे. सकाळी निघालेला विद्यार्थी ओहोटीची वेळ साधून संध्याकाळी नमुन्यासह परत येऊ शकतो.

या भूगोलातूनच पुढे एक नेमका शास्त्रीय प्रश्न उभा राहतो : खाडीच्या गाळात सापडलेला जिवाणू खरोखर समुद्राचा रहिवासी आहे, की पावसाळ्यात डोंगरउतारावरच्या मातीबरोबर वाहून आलेला पाहुणा? त्याचे उत्तर खाली स्वतंत्रपणे दिले आहे.

गाळ कोठून आणि कसा घ्यावा?

खोल समुद्रातील गाळासाठी जहाज आणि ग्रॅब (पंजासारखे गाळ उचलणारे साधन) किंवा कोअरर (गाळाचा उभा स्तंभ, म्हणजे कोअर, काढणारी नळी) लागतो. ते काम गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारख्या संस्थांचे आहे. महाविद्यालयाच्या आवाक्यात येतो तो ओहोटीला उघडा पडणारा खाडीकाठचा किंवा किनाऱ्याचा गाळ. प्लास्टिकच्या मोठ्या निर्जंतुक सिरिंजचे टोक कापून ती गाळात सरळ दाबली, तर चांगला छोटा कोअर मिळतो. तो काढून उजेडात धरला की वरचा तपकिरी थर आणि त्याखालचा काळा थर स्पष्ट दिसतो. काळा रंग लोहाच्या सल्फाइडचा असतो आणि त्या थराला सडक्या अंड्याचा वास येतो, कारण तेथे ऑक्सिजन संपलेला असून सल्फेटवर श्वसन करणारे जिवाणू काम करीत असतात. वरच्या थरातील जिवाणू आणि काळ्या थरातील जिवाणू यांना एकाच बाटलीत घालून हलवले, तर नमुन्यातील निम्मी माहिती तेथेच गमावली असे समजावे.

नमुना बर्फाच्या पेटीत आणावा, परंतु तो गोठू देऊ नये. बाटली आणि बर्फ यांच्यामध्ये वर्तमानपत्राच्या दोन-चार घड्या ठेवल्या तरी पुरते. चोवीस तासांच्या आत पेरणी, म्हणजे नमुना पोषक माध्यमाच्या प्लेटवर पसरणे, झालेली बरी. जागेचे अक्षांश-रेखांश, तारीख, पाण्याची क्षारता, तापमान आणि सामू तेथेच वहीत लिहावेत, कारण नव्या जातीच्या वर्णनात हे सारे विचारले जाते आणि दीड वर्षानंतर ते कोणालाही आठवत नाही. कांदळवनातून गाळ घ्यायचा असेल, तर वनविभागाची परवानगी आधी काढावी.

नेहमीचे न्यूट्रियंट अगार का चालत नाही?

काही जिवाणू त्यावरही वाढतील, परंतु बहुधा नको असलेलेच. न्यूट्रियंट अगार या जिवाणू वाढवण्याच्या सर्वसाधारण माध्यमात लिटरमागे सुमारे ५ ग्रॅम मीठ असते, तर समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांत सोडियमखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट हेही असतात. म्हणून झोबेल मरीन अगार २२१६ हे माध्यम वापरतात. त्यात एकट्या सोडियम क्लोराइडचेच प्रमाण लिटरमागे १९.४५ ग्रॅम आहे. नमुना विरल करतानाही डिस्टिल्ड पाणी वापरू नये. गाळ त्यात घातला की क्षारांच्या अचानक बदलाने नाजूक पेशी फुटतात, आणि मग प्लेट रिकामी का राहिली याचा शोध आपण उगाच इन्क्युबेटरमध्ये (ठरावीक तापमानाला जिवाणू वाढवण्याच्या पेटीत) घेत बसतो. निर्जंतुक केलेले समुद्राचे पाणीच वापरावे.

माध्यम पूर्ण ताकदीचे न घेता एक-दशांश करून पाहावे, असा आमचा आग्रह आहे. भरपूर अन्न मिळाले की भरभर वाढणारे जिवाणू दोन दिवसांत प्लेट व्यापतात. पातळ माध्यमावर, २५ ते २८ अंश सेल्सिअसला, कडेला पॅराफिल्म लावून ठेवलेल्या प्लेटवर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात टाचणीच्या टोकाएवढ्या वसाहती (जिवाणूंच्या वाढीचे ठिपके) दिसू लागतात. विद्यार्थ्यांनी मात्र तोवर सत्र संपले म्हणून प्लेट निर्जंतुक करण्यासाठी ऑटोक्लेव्हमध्ये घातलेली असते! आमच्या पाहण्यात लक्ष वेधणारे जिवाणू बहुतेक वेळा या उशिरा उगवणाऱ्यांतच निघाले आहेत.

जिवाणू समुद्राचाच आहे, हे कसे दाखवावे?

सर्वांत सोपी आणि प्रत्येक प्रयोगशाळेत होणारी चाचणी सोडियमची आहे. शून्य ते १५ टक्के सोडियम क्लोराइड असलेल्या माध्यमांची मालिका करून कोठे वाढ होते आणि कोठे सर्वाधिक होते ते पाहावे. नंतर सोडियमऐवजी तितक्याच रेणवीय प्रमाणात पोटॅशियम क्लोराइड घालून तीच पेरणी पुन्हा करावी. पोटॅशियमवर वाढ होत नसेल, तर जिवाणूला केवळ खारटपणा नव्हे, खुद्द सोडियमच लागते, असे म्हणता येते. शेतातल्या मातीतून वाहून आलेला बॅसिलस मिठाशिवायही आनंदाने वाढतो आणि ५-७ टक्के मीठ सहनही करतो. तो खारटपणा सोसणारा आहे, समुद्राचा नव्हे.

याचे उत्तम उदाहरण सॅलिनिस्पोरा या प्रजातीचे आहे. समुद्री गाळातील, ॲक्टिनोबॅक्टेरिया या गटातल्या, या जिवाणूंचे औपचारिक वर्णन २००५ मध्ये झाले आणि वाढीसाठी समुद्राचे पाणी लागणे हे त्यांचे ठळक वैशिष्ट्य ठरले. त्यांच्यातील सॅलिनिस्पोरा ट्रॉपिका या जातीपासून सॅलिनोस्पोरामाइड ए हे कर्करोगावरील औषध म्हणून अभ्यासले गेलेले रसायन मिळाले.

शुद्ध संवर्ध मिळाला, याची खात्री कधी मानावी?

शुद्ध संवर्ध म्हणजे एकाच जिवाणूची वाढ. तीन-चारदा स्ट्रीक केल्यावर (एक वसाहत उचलून नव्या प्लेटवर रेघा ओढत पसरवल्यावर) सर्व वसाहती सारख्या दिसल्या म्हणजे झाले, असे बहुतेकांना वाटते. तसे नसते. एका तुकडीकडे फिक्या नारिंगी रंगाची, काठ गुळगुळीत असलेली सुरेख वसाहत होती. पाच वेळा स्ट्रीक करूनही ती तशीच येत होती. सिक्वेन्सिंगच्या, म्हणजे डीएनएतील अक्षरांचा क्रम वाचण्याच्या, आलेखात मात्र कित्येक ठिकाणी एकाच जागी दोन शिखरे दिसली. प्लेट आणखी दहा दिवस ठेवून तिरप्या उजेडात पाहिली, तेव्हा नारिंगी वसाहतीच्या काठाला दवासारखा एक पारदर्शक पातळ पसारा दिसला : दुसरा, रंगहीन, सरकत पसरणारा जिवाणू. तोवर केलेल्या सर्व जैवरासायनिक चाचण्या दोघांच्या मिळून झालेल्या होत्या आणि त्या टाकून द्याव्या लागल्या. म्हणून प्रत्येक स्ट्रीकनंतर सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे, जुनी प्लेट आठवडाभर राखून ठेवावी, आणि शुद्ध झालेला संवर्ध १५ ते २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ताबडतोब साठवावा.

१६एस आरआरएनए जनुकालाच एवढे महत्त्व का?

या जनुकावरून बनणारा आरएनए रेणू हा पेशीत प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमचा भाग आहे. तो प्रत्येक जिवाणूत असतो, त्याचे काम बदलत नाही आणि त्याचे काही भाग अतिशय सावकाश, तर काही जरा वेगाने बदलतात. त्यामुळे दूरची आणि जवळची अशी दोन्ही नाती त्यावरून वाचता येतात. कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये याच रेणूच्या आधारे आर्किया हा स्वतंत्र गट वेगळा काढला. जनुकाची लांबी साधारण १५०० न्यूक्लिओटाइड (डीएनएची अक्षरे) असते. २७एफ आणि १४९२आर या प्रायमरच्या (जनुकाच्या दोन टोकांना चिकटणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांच्या) जोडीने जवळपास संपूर्ण जनुकाच्या भरपूर प्रती करून घेता येतात.

आमचा १६एस सर्वांत जवळच्या ज्ञात जातीशी ९७.२ टक्के जुळला. आता नवी जाती जाहीर करावी का?

नाही. आधी खालील गोष्टी तपासाव्यात.

सिक्वेन्स पूर्ण आहे का? एका बाजूने वाचलेला ७००-८०० न्यूक्लिओटाइडांचा तुकडा यासाठी पुरेसा नाही. दोन्ही बाजूंनी वाचून जोडलेला, जवळपास पूर्ण लांबीचा सिक्वेन्स हवा. त्याची टोके कापली आहेत का? प्रत्येक वाचनाचा आरंभ आणि शेवट अस्पष्ट असतो, आणि तेथील चुकीची अक्षरे ‘वेगळेपण’ म्हणून मोजली जातात. आमच्याच हातून एकदा असे झाले आहे. ९६.८ टक्क्यांचा आकडा पाहून आम्ही पेढे वाटले, आणि दोन दिवसांनी कोणीतरी आलेख उघडून टोके छाटली तेव्हा तो आकडा ९९.४ झाला. पेढे परत घेता आले नाहीत.

त्यानंतर, तुलना कोणाशी केली आहे? सर्वसाधारण ब्लास्टमध्ये (सिक्वेन्स जुळवून पाहण्याच्या संगणकीय शोधात) पहिल्या ओळीत अनेकदा नुसते ‘अनकल्चर्ड बॅक्टेरियम’ (संवर्धात न आणलेला जिवाणू) किंवा कोणीतरी घाईने नाव देऊन टाकलेला स्ट्रेन (जिवाणूचा एक विशिष्ट वाण) येतो. खरी तुलना फक्त टाइप स्ट्रेनशी करायची असते. टाइप स्ट्रेन म्हणजे ज्या एका संवर्धाला त्या जातीचे नाव कायमचे बांधलेले असते तो. ईझबायोक्लाउडसारख्या संकेतस्थळावर टाइप स्ट्रेनचे तपासलेले सिक्वेन्स वेगळे ठेवलेले असतात.

एवढे केल्यावर आकड्याकडे पाहावे. पूर्वी ९७ टक्के ही सीमा मानत. आता ती ९८.७ टक्क्यांच्या आसपास धरतात. १५०० अक्षरांत १.३ टक्के म्हणजे जेमतेम वीस अक्षरांचा फरक. त्याहून कमी साम्य असेल, तर जाती वेगळी असण्याची दाट शक्यता आहे. त्याहून अधिक असेल, तर १६एस काहीच ठरवू शकत नाही. बॅसिलस ग्लोबिस्पोरस आणि बॅसिलस सायक्रोफिलस यांचे १६एस ९९.५ टक्क्यांहून अधिक जुळत होते, तरी डीएनए संकरणात (दोघांचे डीएनए एकमेकांशी किती जुळून चिकटतात हे पाहणाऱ्या चाचणीत) त्या दोन वेगळ्या जाती ठरल्या. हे १९९२ मध्येच दाखवले गेले. दोन्हींची आता स्पोरोसार्सिना या प्रजातीत गणना होते.

मग अंतिम निर्णय कशावर होतो?

संपूर्ण जीनोमवर, म्हणजे जिवाणूच्या सगळ्या डीएनएवर. १९८७ पासून डीएनए-डीएनए संकरणात ७० टक्के किंवा अधिक साम्य म्हणजे एकच जाती, असा दंडक होता. ती चाचणी किचकट होती आणि दोन प्रयोगशाळांचे आकडे सहसा जुळत नसत. आता दोन जीनोमची संगणकावर तुलना करून सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य काढतात. ते ९५ ते ९६ टक्क्यांच्या खाली असेल, तर जाती वेगळी मानतात. त्याच जोडीला संगणकीय डीएनए संकरणाचा आकडा देतात आणि त्याची सीमा पूर्वीप्रमाणेच ७० टक्के आहे. जीनोमचे वाचन किमान ५० पट खोलीचे, म्हणजे प्रत्येक अक्षर सरासरी ५० वेळा वाचलेले, असावे, अशी २०१८ मध्ये मांडलेली किमान अपेक्षा आहे.

सरासरी साम्य ९५.४ आले तर काय, हा प्रश्न प्रत्येक वर्षी येतो. अशा वेळी एका आकड्यावर हट्ट धरू नये. जीनोमवृक्षातील स्थान, जीवनपद्धती आणि गुणधर्म यांकडे एकत्र पाहावे. सीमा आपण आखलेली आहे, जिवाणूला तिची कल्पना नाही. एश्चेरिशिया कोलाय आणि शिगेला यांचे जीनोम एकाच जातीत बसतील इतके जवळचे आहेत, तरी वैद्यकीय सोयीसाठी त्यांची नावे वेगळी राखली आहेत.

जीनोम हाती असताना ग्राम रंजन, कॅटलेज यांसारख्या जुन्या चाचण्या कशासाठी?

कारण जीनोम शक्यता सांगतो आणि चाचणी घडणारी गोष्ट दाखवते. ग्राम रंजन (जिवाणू रंगवून पेशीभित्तीनुसार ग्राम धन की ग्राम ऋण ते ओळखणे) आणि त्याची खातरजमा म्हणून ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडची चाचणी (थेंबात पेशी घोटून लूप उचलल्यावर चिकट तार निघाली तर ग्राम ऋण), कॅटलेज व ऑक्सिडेज ही विकरे, हालचाल, तापमान, सामू व मिठाच्या मर्यादा, कोणती शर्करा वापरली जाते, हे सारे वर्णनात लागते. त्याखेरीज पेशीचे रसायन : पेशीतील मेदाम्ले, ध्रुवीय लिपिडे आणि क्विनोन (श्वसनात इलेक्ट्रॉन वाहून नेणारी संयुगे). क्विनोनवरून बरेच कळते. उदाहरणार्थ, अल्फाप्रोटिओबॅक्टेरिया या गटात प्रामुख्याने क्यू-१० हा क्विनोनचा प्रकार, फ्लाव्होबॅक्टेरिएसी या कुलात एमके-६ आणि बॅसिलसमध्ये एमके-७ आढळते. जीनोमने सांगितलेले कुल आणि क्विनोन यांत मेळ नसेल, तर संवर्ध अशुद्ध असल्याची शंका आधी घ्यावी, नव्या शोधाची नंतर.

जवळच्या जातींचे टाइप स्ट्रेन मागवणे खर्चाचे आहे. छापील वर्णनावरून तुलना चालेल का?

चालवून घेणारे आहेत. आम्ही चालवून घेत नाही. मेदाम्लांचे प्रमाण माध्यम, तापमान आणि पेशींचे वय यांनुसार बदलते. दुसऱ्या देशात, दुसऱ्या माध्यमावर, ३० अंशांना वाढवलेल्या पेशींचे आकडे आपल्या २५ अंशांच्या आकड्यांशेजारी मांडले, तर दिसणारा फरक जातीचा की इन्क्युबेटरचा हे सांगता येत नाही. म्हणून निकटच्या दोन-तीन टाइप स्ट्रेन मागवून, त्याच दिवशी ओतलेल्या प्लेटवर, आपल्या स्ट्रेनशेजारी वाढवाव्यात. सगळ्या कामात खर्च करण्यासारखी एकच जागा निवडायची झाली, तर आम्ही हीच निवडू.

नाव कसे ठेवायचे? ‘सातारेन्सिस’ ठेवता येईल का?

नाव लॅटिन किंवा लॅटिनसारखे केलेले, दोन शब्दांचे असावे लागते. स्थळावरून नाव घेताना ‘एन्सिस’ हा प्रत्यय लागतो, आणि प्रजातीचे नाव नपुंसकलिंगी असेल तर ‘एन्से’. म्हणजे बॅसिलसबरोबर ‘एन्सिस’, फ्लाव्होबॅक्टेरियमबरोबर ‘एन्से’. ‘सातारेन्सिस’ व्याकरणात बसेल. दाभोळच्या चिखलातील जिवाणूला साताऱ्याचे नाव द्यावे का, हा प्रश्न मात्र नियमाचा नसून औचित्याचा आहे. स्वतःचे नाव स्वतःच्या शोधाला देऊ नये, असा संकेत आहे.

नाव विचारपूर्वक ठेवावे, कारण ते केवळ चुकीचे वाटते म्हणून नंतर बदलता येत नाही. हिमोफिलस इन्फ्लुएंझी हे नाव इन्फ्लुएंझाचे कारण हाच जिवाणू आहे अशा समजुतीतून आले. कारण विषाणू निघाला, नाव तसेच राहिले.

नाव अधिकृत केव्हा होते?

जिवाणूंच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता आहे आणि नावांच्या अग्रक्रमाची गणना १ जानेवारी १९८० पासून होते. नाव इंटरनॅशनल जर्नल ऑफ सिस्टेमॅटिक अँड इव्होल्यूशनरी मायक्रोबायॉलॉजी या नियतकालिकात वर्णनासह प्रसिद्ध व्हावे लागते, किंवा अन्यत्र प्रसिद्ध झाले असल्यास त्याच नियतकालिकातील मान्यता-यादीत यावे लागते. टाइप स्ट्रेन किमान दोन वेगळ्या देशांतील सार्वजनिक संवर्धसंग्रहांत जमा असणे बंधनकारक आहे आणि तो मागणाऱ्याला मिळाला पाहिजे.

आपल्याकडे पुण्याचे राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आणि चंडीगडचा एमटीसीसी हे संग्रह आहेत. बाहेर जर्मनीचा डीएसएमझेड, जपानचा जेसीएम, कोरियाचा केसीटीसी इत्यादी. परदेशी संवर्ध पाठवताना २००२ चा जैविक विविधता कायदा लागू होतो आणि चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या प्रक्रियेतून जावे लागते. हे काम लेख लिहून झाल्यावर हाती घेणाऱ्यांचे लेख महिनोन्महिने अडून राहतात. जीनोमचा नमुना पाठवाल त्याच आठवड्यात हेही सुरू करावे.

जीनोम मिळाला, पण जिवाणू प्लेटवर वाढतच नाही. मग?

पर्यावरणातील बहुसंख्य जिवाणू नेहमीच्या पद्धतींनी वाढत नाहीत, त्यामुळे हा अनुभव अपवाद नव्हे. अशांना ‘कॅन्डिडेटस’ हे तात्पुरते बिरुद लावून मांडतात. नामिबियाच्या किनाऱ्याजवळील गाळातून १९९९ मध्ये वर्णन केलेला, पाऊण मिलिमीटरपर्यंत वाढणारा आणि नुसत्या डोळ्यांनी दिसणारा थायोमार्गारिटा नामिबिएन्सिसदेखील शुद्ध संवर्धात आणता आलेला नाही. २०२२ मध्ये सेक्कोड ही निराळी संहिता आली असून तीत जीनोमलाच टाइप मानता येते.

एकाच स्ट्रेनवरून नवी जाती मांडता येते का?

येते, आणि कित्येक जाती तशाच मांडल्या गेल्या आहेत. दुसरा स्ट्रेन मिळाला तर वर्णन भक्कम होते, म्हणून शक्य असल्यास पुढच्या ओहोटीला पुन्हा जावे.

प्रसिद्धीनंतर वर्गीकरण बदलले, तर आमचे काम वाया जाते का?

नाही. भारतीय शास्त्रज्ञांनी उंच वातावरणात सोडलेल्या बलूनच्या नमुन्यांतून मिळवलेल्या आणि २००९ मध्ये वर्णन केलेल्या बॅसिलस आर्यभट्टायची २०२० मध्ये प्रिस्टिया या प्रजातीत रवानगी झाली. नावातील दुसरा शब्द आणि टाइप स्ट्रेन तेच राहिले. २०२१ मध्ये तर संघांची नावेही नियमबद्ध झाली आणि प्रोटिओबॅक्टेरियाचे स्यूडोमोनाडोटा, फर्मिक्यूट्सचे बॅसिलोटा झाले. यातून घ्यायची ती एक साधी खबरदारी : फ्रीजरमधल्या बाटलीवर जातीचे नाव लिहू नये. स्ट्रेनचा क्रमांक, तारीख आणि पिढी एवढेच लिहावे, तेही पेन्सिलीने किंवा अल्कोहोलने न पुसल्या जाणाऱ्या शाईने.